हार्ली अर्ल यांचे पंख: कारागिरी की पत्र्याची नासाडी?

जुनी_चाकं:
१९५९ च्या कॅडिलॅक या अमेरिकन गाडीचे मागचे उंच, पत्र्याचे पंख बघून लोक 'दिखाऊपणा' म्हणतात, ते मला पटत नाही. कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने १९२७ साली डिझायनर हार्ली अर्ल यांच्या हाती गाड्यांचं रूप ठरवणारा 'आर्ट अँड कलर' विभाग दिला. गाडीचा पूर्ण आकाराचा मातीचा नमुना करायची पद्धत त्यांनी रुजवली. लाकडी सांगाड्यावर गरम करून मऊ केलेली माती थापायची आणि खरवडत खरवडत वळण काढायचं. १९४८ च्या कॅडिलॅकचे छोटे पंख तर पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले. हे शिल्पकाम आहे.

प्रेसशॉप:
असहमत. शिल्प दरवर्षी कशाला बदलावं लागतं? गेल्या वर्षीची गाडी जुनाट वाटावी, हे जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांचं उघड धोरण होतं. मी बावीस वर्षं डाय, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारे साचे, बनवल्या आहेत. एका फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) डायमागे किती माणसांचे किती महिने जातात ते पाहिलंय, म्हणून त्या भंगारात निघाल्याचं वाचलं की पोटात तुटतं. हा खर्च छोट्या कंपन्यांना झेपेना. नॅश आणि हडसन १९५४ मध्ये एकत्र आल्या त्यामागे हेही कारण होतं. क्रायस्लरच्या १९५७ च्या देखण्या गाड्या घाईत बाजारात आल्या आणि लवकर गंजल्या.

जुनी_चाकं:
गंजाचं मान्य. पण जनरल मोटर्सच्याच शेवरोलेचं १९५५ चं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, घ्या. ४.३ लिटर, पातळ भिंतींचं ओतकाम, म्हणून वजनाला हलकं. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या छोट्या तरफा, चक्क प्रेसवर पत्र्यातून काढलेले! त्याच घराण्याची इंजिनं पुढे कित्येक दशकं बनली.

प्रेसशॉप:
त्या इंजिनाला माझा सलाम. पण ते टिकलं कारण ते दरवर्षी बदललं नाही.

कुर्लेकर:
आजोबा कुर्ल्याला प्रीमियर या मोटार कारखान्यात डॉज या अमेरिकन गाड्या जोडायचे. चासी (खालचा सांगाडा) वेगळी, बॉडी वेगळी, त्यामुळे कुठलाही गॅरेजवाला दुरुस्त करी, हे ते अभिमानाने सांगत. तरीही मी प्रेसशॉप यांच्या बाजूने. २००९ मध्ये अमेरिकेत शेवरोलेच्याच दोन गाड्या, १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची मालिबू, समोरासमोर धडकवून पाहिली. बेल एअरची केबिन चेपली. चालकाच्या जागच्या पुतळ्याची मोजमापं जीवघेणी निघाली. फोर्डने तर १९५६ लाच सीटबेल्ट आणि गादीचा डॅशबोर्ड देऊ केला होता, म्हणजे उपाय ठाऊक होते. पंखांवर घालवलेली मेहनत तिथे लागायला हवी होती.