बॅटरी बदलण्याआधी स्टार्टर दाबून मीटर बघा

बाइक सेल्फने चालू होत नाही, पण मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायच्या मीटरवर) १२.६ व्होल्ट आले म्हणून बॅटरी ठणठणीत आणि दोष स्पार्क प्लगचाच, असं एकाने म्हटलंय. प्लग ओला निघत असेल तर तो पुसून बघाच, पण बॅटरीचं पटलं नाही. उभ्या गाडीतला आकडा फसवा असतो. मीटर लावलेलं ठेवून स्टार्टर दाबा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमलीये.

माझ्या गाडीची बॅटरी तर दमलेलीही नव्हती. ऐन जुलैत, कोथरूडच्या पार्किंगमध्ये, नुसतं टक-टक. बॅटरीच्या टोकांवर आकडा छान, स्टार्टर दाबला तरी फारसा हलत नव्हता! मेकॅनिक फोनवरच म्हणाला, नवीन टाका. सीट काढली तर निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आणि बोल्ट चक्क बोटाने फिरत होता. गरम पाणी, जुना टूथब्रश, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. पहिल्या सेल्फला चालू. खर्च शून्य. (त्याआधी वॉचमनसमोर तीन वेळा ढकलून झाली होती, ते सोडा.) आणि गाडी एफआय (फ्युएल इंजेक्शनवाली, कार्ब्युरेटर नसलेली) असेल, बॅटरी साफ मेली असेल, तर ढकलून घाम गाळू नका, पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो.