कुमार कादंबरीचा कच्चा खर्डा : पहिल्या वाचकांचे तुमचे अनुभव सांगा

तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहिताना एक पंचाईत होते. आपण लिहितो त्यांच्यासाठी, पण खर्डा वाचून मत देतात भलतेच लोक. लेखनातले सोबती, जुनी मैत्रीण, भाऊ, सगळे पस्तिशीच्या पुढचे. ते मनापासून वाचतात, चुका काढतात, पण पंधराव्या वर्षी हे पुस्तक हातातून सुटलं नसतं की बाजूला पडलं असतं, ते त्यांना सांगता येत नाही.

माझी कादंबरी एका पंधरा वर्षांच्या मुलीची आहे. वडिलांची नोकरी गेल्यानंतरचं घरातलं एक वर्ष. दुसरा खर्डा हातावेगळा झालाय आणि आता वाचक शोधायचे आहेत. भाचीला सुरुवातीची काही प्रकरणं दिली होती. "छान आहे गं मावशी," म्हणाली आणि विषय संपला. या 'छान'च्या पुढे कसं जायचं? ज्यांनी असे वाचक मिळवले त्यांनी सविस्तर लिहा : कोण निवडले, काय विचारलं, काय ऐकलं, काय सोडून दिलं. ज्यांनी दुसऱ्यांचे खर्डे वाचलेत त्यांचंही ऐकायचंय.

मुलांसाठी बरीच वर्षं लिहिणारी एक लेखिका

'आवडली का?' हा प्रश्नच विचारू नका. त्याचं उत्तर मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून देतं. मी विचारते : वाचताना कुठे ठेवून दिलंस? परत कधी उचललंस? कुठली पानं भराभर उलटलीस? आणि शेवटी, हस्तलिखित मिटून ठेव आणि मला गोष्ट सांग.

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. एका मुलाने अख्खी गोष्ट नीट सांगितली, फक्त त्यात आजोबा नव्हतेच. आजोबांचं एक संपूर्ण प्रकरण होतं आणि ते माझं फार लाडकं होतं. विचारलं, तर म्हणाला, "ते बोलत होते ना, तेव्हा मी पुढे गेलो." त्याला त्यात वावगं काहीच वाटलं नाही, इतकं सहज सांगितलं त्याने. मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आता आजोबा फारसे बोलत नाहीत. बंद पडलेला रेडिओ उघडून बसतात, नातू स्क्रू तळहातावर धरून उभा असतो आणि त्यातला एक पलंगाखाली घरंगळतो. पुढच्या वाचक मुलीने गोष्ट सांगायला सुरुवातच त्या हरवलेल्या स्क्रूपासून केली. आजोबांना जे म्हणायचं होतं तेही तिला समजलं होतं. माझ्या मोठ्या वाचकांपैकी प्रत्येकाने जुन्या प्रकरणाला 'हृद्य' म्हटलं होतं, हे मुद्दाम सांगते.

बालविभाग सांभाळणारी ग्रंथपाल

वयाबद्दल थोडं. मुलं स्वतःपेक्षा मोठ्या मुलांबद्दल वाचतात. सोळा वर्षांच्या नायिकेची गोष्ट तेरा-चौदाची मुलं आवडीने नेतात, अठराची क्वचित. म्हणून वाचक शोधताना नायिकेच्या वयाचे काही आणि तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान काही, असे दोन्ही घ्या. दोघांच्या शंका अगदी वेगळ्या निघतात.

'हे कुठल्या वयासाठी आहे' असं मुलांना विचाराल, तर उत्तर थोडं वरच्या दिशेने सरकवून घ्या. लंडनचे प्रकाशक स्टॅनली अनविन यांनी १९३६ साली टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'चं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं होतं. अशा अभिप्रायाचा त्याला एक शिलिंग मिळायचा. पुस्तक चांगलं आहे, असं त्याने लिहून दिलं आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झालं. पण त्याने वय लिहिलं पाच ते नऊ! स्वतः दहाचा असताना. स्वतः रस घेऊन वाचलेलं पुस्तक मुलं बिनदिक्कत 'लहानांसाठी' म्हणतात, आणि ते ऐकून लेखक खचतात. खचू नका.

त्या शिलिंगाचीही आठवण ठेवा. एवढं मोठं हस्तलिखित वाचणं हे काम आहे. पुस्तक, वही, ऋणनिर्देशात नाव (पालकांना विचारून), काहीतरी द्याच.

सतरा वर्षांची वाचक

मी आईच्या ओळखीतल्या लेखकांचे खर्डे वाचून देते. अवघड काय जातं सांगू? ज्या काकांना लहानपणापासून ओळखते त्यांना "इथे मला कंटाळा आला" असं तोंडावर सांगणं. मग मी पण 'छान' म्हणते. भाचीचं तसंच झालं असेल.

एका लेखिकेने मला चार खुणा दिल्या होत्या. मस्त वाटलं तर 'म', कंटाळा आला तर 'कं', कळलं नाही तर प्रश्नचिन्ह, पटलं नाही तर फुली. समासात पेन्सिलने फक्त खूण करायची, कारण लिहायचं नाही. ते मला एकदम जमलं. कारण लिहायचं म्हटलं की मी बरं दिसेल असं कारण शोधत बसते.

एका पानावर मी ओळीने फुल्या मारल्या होत्या. नायिका आईशी कडाक्याचं भांडून खोलीत जाते, दार लावते आणि खिडकीबाहेर बघत बसते. फोनला हातही लावत नाही! असं कोण करतं? मी पहिल्यांदा मैत्रिणीला मेसेज टाकीन, तो पुसीन, परत टाकीन. लेखिकेने ते बदलून मला दाखवलं, आणि त्या पुसलेल्या मेसेजमधूनच भांडण नक्की कशावरून होतं ते कळायला लागलं.

अजून एक. आमची म्हणून जी बोली घालता, ती आम्ही वाचेपर्यंत जुनी झालेली असते. कमी घाला. आणि शेवटच्या प्रकरणात सगळे आईबाबा एकदम समजूतदार होतात, तिथे माझी फुली ठरलेली.

शाळेत शिकवणारा लेखक

मी माझ्या वर्गाला माझा खर्डा देत नाही. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्या पुस्तकाला नावं कोण ठेवणार? दुसऱ्या शाळेतल्या मित्राकडे देतो आणि लेखक कोण ते मुलांना सांगू नकोस म्हणतो. कागद तोच गोळा करतो, वर नाव नसतं.

मुलांना एकत्र बसवून चर्चाही लगेच घेऊ नये. पहिला जो बोलेल त्याचं मत सगळ्यांचं होतं, आणि पहिला बोलणारा बहुधा वर्गातला वजनदार मुलगा असतो. आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, मग गप्पा. परीक्षेचे दिवस टाळा.

मोठ्याने वाचून दाखवणारा बाप

मी घरी वाचून दाखवतो. मुलगा पाणी प्यायला कुठे उठतो, तिथे पेन्सिलने टिंब करतो. बाकी काही विचारावं लागत नाही.

मैत्रिणीच्या आत्महत्येवर लिहिलेली कादंबरी, लेखिका

विषय जड असेल तर क्रम बदला. माझा खर्डा मुलांकडे जाण्याआधी किशोरवयीनांबरोबर काम करणाऱ्या एका समुपदेशक बाईंनी वाचला. आत्महत्येच्या पद्धतीचं तपशीलवार वर्णन नको, हे जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना सांगत आली आहे, आणि ते मी पाळलं होतं. पण बाईंनी बोट ठेवलं दुसऱ्याच जागी. माझ्या गोष्टीत एक शिक्षिका त्या मुलीला वचन देते की हे मी कुणालाही सांगणार नाही. बाई म्हणाल्या, वाचणाऱ्या मुलीला यातून असं वाटेल की विश्वासू मोठं माणूस म्हणजे गुपित ठेवणारं माणूस. तो प्रसंग मी पूर्ण उलटा केला. आता शिक्षिका म्हणते, मी गप्प बसणार नाही, पण तुला एकटीलाही सोडणार नाही. मुलगी तिच्यावर चिडते, आणि पुस्तकातलं ते सगळ्यात जिवंत भांडण झालंय.

त्यानंतर पालकांना लेखी कळवलं : विषय काय, कुठल्या प्रकरणात काय येतं. मुलांना सांगितलं की कुठेही थांबता येईल, कारण द्यावं लागणार नाही. एका मुलीने मध्येच हस्तलिखित परत पाठवलं. मी तिला फक्त आभाराची चिठ्ठी लिहिली, आणि तिची विचारपूस करायला तिच्या आईला फोन केला.

कुमार साहित्याचा संपादक

सगळ्या वाचकांना एकदम खर्डा पाठवू नका. प्रत्येक माणूस कादंबरी पहिल्यांदा एकदाच वाचतो. निम्मे वाचक दुरुस्तीनंतरच्या खर्ड्यासाठी कोरे ठेवा, नाहीतर केलेले बदल लागू पडले का हे तपासायला कुणी उरत नाही.

मोठ्या वाचकांना मोडीत काढू नका, असंही माझं आग्रहाचं म्हणणं आहे. कथानकात गाठ कुठे सुटली, काळ कुठे जुळत नाही, कुठल्या प्रकरणाचं कामच काय, हे अनुभवी प्रौढ वाचक चांगलं सांगतो. मुलाला ते खुपतं, पण त्याला नाव देता येत नाही.

परस्परविरोधी अभिप्राय आले की लेखक मला घाबरून फोन करतात. एक म्हणतो हा मित्र काढून टाका, दुसरी म्हणते त्याला जास्त जागा द्या. उपाय दोन्ही बाजूला ठेवा. दोघं एकाच जागी अडखळलेत, एवढं घ्या. बहुतेक वेळा दुखणं त्या पानावर नसतंच, आधीच्या प्रकरणात असतं. तो मित्र काय गमावू शकतो हे वाचकाला वेळेवर कळलेलं नसतं.

न ऐकलेल्या अभिप्रायाबद्दल, आणखी एक लेखिका

माझ्या कादंबरीत दोन मैत्रिणी शेवटी एकत्र येत नाहीत. वाचलेल्या जवळजवळ सगळ्या मुलींनी सांगितलं, शेवट बदला. मी डगमगले होते. मग प्रत्येकीला एकच विचारलं : राग कुणाचा आला, पुस्तकाचा की नायिकेच्या त्या मैत्रिणीचा? "तिचा!" एकीने तर तिला काय काय सुनवायचं ते पानभर लिहून पाठवलं. दोघीच म्हणाल्या की पुस्तकाचा, कारण ती अशी वागेल असं आधी कुठेच वाटलं नव्हतं.

त्या दोघींचं मी ऐकलं. सहलीच्या प्रकरणात ती एक छोटीशी गोष्ट लपवते, तेवढं वाढवलं. शेवट होता तसाच ठेवला. नंतरच्या खर्ड्याच्या वाचक मुलीही तिच्यावर तितक्याच संतापल्या, पुस्तकावर मात्र कुणी नाही.