क्लॉज शिकवताना मराठीचा आधार घ्यावा की नको?

डिचोलीची बाई
मी डिचोली तालुक्यात आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. सगळी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून आलेली. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या वहीत होतं: 'बिकॉज द बस वॉज लेट.' आणि पुढे पूर्णविराम. वाक्य अर्धं आहे म्हटलं तर ती म्हणाली, "बाई, कर्ता आहे, क्रियापद आहे, मग अर्धं कसं?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला मराठीत विचारलं, "'जेव्हा पाऊस थांबला' एवढंच बोलून मी गप्प बसले तर?" ती लगेच म्हणाली, "तेव्हा काय झालं?" हेच ते गौण वाक्य, म्हणजे डिपेंडंट क्लॉज. कर्ता-क्रियापद दोन्ही असतं, पण 'व्हेन', 'बिकॉज', 'इफ', 'ऑल्दो' असा शब्द पुढे लागला की ते दुसऱ्या वाक्याच्या आधाराला जातं. तो शब्द काढा, 'द बस वॉज लेट' आपल्या पायावर उभं राहतं. तो इंडिपेंडंट क्लॉज, आपलं मुख्य वाक्य. मिश्र वाक्य मुलं मराठीत शिकलेलीच असतात. मग इंग्रजीच्या तासाला मराठी का टाळायची?

म्हापशाचा मास्तर
बाई, माझा वीस वर्षांचा अनुभव याच्या उलट आहे. मराठीत ही वाक्यं जोडीने चालतात. जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा. मुलं ती जोडी इंग्रजीतही लावतात: 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम.' दर परीक्षेत हे वाक्य सापडतं. 'ऑल्दो'ने पहिला भाग गौण केला, आता दुसरा मुख्य म्हणून मोकळा हवा. 'बट' तर दोन बरोबरीची वाक्यं जोडणारा शब्द. दोन्ही एकत्र आले की वाक्याची घडीच बसत नाही. ही चूक मुलांना कोणी शिकवली? 'जरी–तरी'नेच.

शिवाय मुख्य-गौण ही चौकट मुळात आपली तरी किती? दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. म्हणून कागदावर दोन्हीकडची नावं जुळतात. मुलाच्या तोंडातलं वाक्य जुळत नाही.

फोंड्याचा पालक
मला दोघांचंही पटत नाही. मी मराठी शाळेतच शिकलो, आज दिवसभर इंग्रजीत पत्रव्यवहार करतो. क्लॉज ओळखून एकही पत्र लिहिलेलं नाही. वडील इंग्रजी पेपर आणायचे, तो वाचून वाचून कान तयार झाला. मुलांना वाचायला द्या. आणि उशीर का झाला असं विचारल्यावर 'बिकॉज द बस वॉज लेट' हे उत्तर बोलताना कुठलाही इंग्रज देतो.

डिचोलीची बाई
बोलताना देतो, खरं आहे. प्रश्नातलं मुख्य वाक्य उत्तरात गृहीत असतं. निबंधात ते गृहीत धरता येत नाही, तिथे गुण जातात. आणि तुमच्या घरी पेपर यायचा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी इंग्रजीची पाठ्यपुस्तकं सोडली तर इंग्रजी अक्षर नाही. कान तयार व्हायची वाट त्यांनी किती वर्षं बघायची? नियम हीच त्यांची काठी आहे, ती काढून घेऊ नका.

काणकोणची वाचक
एक बाजू राहते आहे. आमच्या घरात कोकणी. 'हांव येतां म्हण ताणें सांगलें.' इथे 'म्हण' वाक्याच्या मागे येतो. शाळेत मराठी शिकलो: 'तो म्हणाला की मी येतो.' इथे 'की' पुढे आला, पण 'मी' तसाच राहिला. इंग्रजीत 'दॅट' पुढे येतो आणि 'मी'चा 'तो' होतो: 'ही सेड दॅट ही वॉज कमिंग.' मी कितीतरी वर्षं 'ही सेड दॅट आय ॲम कमिंग' लिहायचे, म्हणजे मीच येणार! नुसता लाल शेरा मिळायचा, का ते कोणी सांगितलं नाही. तिन्ही वाक्यं एकाखाली एक मांडून कोणी दाखवली असती तर एका तासात कळलं असतं. माझं मत बाईंकडे, फक्त मराठीच्या शेजारी कोकणीही मांडा.

म्हापशाचा मास्तर
हे तुलनेचं मला मान्य. पण मूळ अडचण आणखी खोल आहे. आपण बोलताना 'जेव्हा पाऊस थांबला तेव्हा आम्ही शेतात गेलो' म्हणतो का? 'पाऊस थांबल्यावर शेतात गेलो' म्हणतो. मराठीत हे केवल वाक्य, क्रियापद एकच. इंग्रजीत त्याचे सहसा दोन क्लॉज होतात. 'बस चुकल्यामुळे', 'घरी असताना', 'तो येईपर्यंत' असंच आपलं चालतं. आणि 'कारण' तर आपण वाक्याच्या आरंभी घालतच नाही, आधी घडलेलं सांगतो, मग कारण. मुलाच्या बोलण्यात जो गौण क्लॉज फारसा नाहीच, त्याचा आधार कसा घेणार?

डिचोलीची बाई
मास्तर, तुमचं हे वाचून आज वर्गात तेच केलं. फळ्यावर 'बस चुकल्यामुळे प्रार्थना चुकली' लिहिलं आणि 'चुकल्यामुळे' मुलांकडून फोडून घेतलं. कोण चुकली? बस. काय झाली? चुकली. आता 'मुळे'च्या जागी 'बिकॉज' आणून पुढे ठेवा. त्या मुलीने लिहिलं: 'बिकॉज आय मिस्ड द बस, आय मिस्ड द प्रेयर.' स्वल्पविराम बरोबर जागी. मग तिनेच विचारलं, 'बिकॉज' मागे नेला तर स्वल्पविराम ठेवायचा का? मी म्हटलं, सहसा नको. तिने दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक उतरवून घेतली.

म्हापशाचा मास्तर
छान झालं. मत मात्र अजून बदललं नाही. पुढच्या चाचणीत 'जरी–तरी'चं एक वाक्य भाषांतराला घाला आणि किती जणांनी 'बट' लिहिला ते इथे कळवा.