अनुभव धागा: महामारीत तुमच्या वहीत काय बदललं?

हिशेबनीस (धागा काढणारा)

छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं. पुढची दोनेक वर्षं मी माणसांपेक्षा त्यांच्या वह्याच जास्त पाहिल्या. 'संकटातून संधी' छापाचं लिखाण तेव्हा उदंड झालं. कोणी काय नवीन सुरू केलं हे वाचायला मलाही आवडतं, पण वह्या वेगळंच सांगत होत्या. तगलेल्यांपैकी बरेच जण तगले ते गल्ला बंद असतानाही काही महिने भाडं आणि पगार निघतील एवढी रोकड हातात होती म्हणून. तितकीच हुशार, तितकीच कष्टाळू माणसं रोकड संपली म्हणून बसली.

तेव्हा विनंती अशी: मन खंबीर कसं ठेवलं ते नको. पैसा कुठे अडकला, कुठून सुटला, गिऱ्हाईक म्हणून तुम्ही काय घेणं सोडलं आणि त्यातलं काय पुन्हा सुरूच केलं नाही, ते लिहा. गाव, दुकानाचं नाव, रकमा टाळा. रकमा आल्या की चर्चा 'तुमच्याकडे स्वस्त आहे हो' वर घसरते.

छापखानेवाला

समारंभ बंद, सभा बंद, प्रदर्शनं बंद. निमंत्रणं, पत्रकं, फलक यांवर आमचं पोट, ते बघता बघता थांबलं. यंत्र मात्र थांबवता येत नाही. ऑफसेटच्या रोलरवर शाई वाळली तर काढताना जीव जातो. फ्लेक्सच्या मशिनचं शाई फवारणारं हेड बंद पडून राहिलं की त्याची छिद्रं तुंबतात, आणि नवं हेड म्हणजे खिशाला मोठी चाट. म्हणून काम नसतानाही मी जाऊन चाचणीची पट्टी काढायचो. चार रंगांच्या बारीक रेघा उमटतात. रेघ मध्येच तुटलेली दिसली की समजायचं, तिथलं छिद्र बंद झालं; मग सफाई, परत पट्टी. गिऱ्हाईक नाही, पण शाई आणि विजेचा खर्च चालू. हिशेबनीस याला काय म्हणतात ठाऊक नाही, मी 'मशिनचा खुराक' म्हणायचो.

मग कामं आली ती जमिनीवर चिकटवायच्या गोलांची, 'इथे उभे राहा' वाली. बँका, दवाखाने, दुकानं, सगळ्यांना एकदम हवे. नुसत्या व्हिनाइलवर छापलं तर चपलांखाली शाई पुसून जाते, वरून लॅमिनेशन लागतं, आणि तेही खरखरीत, नाहीतर ओल्या फरशीवर माणूस आडवा. नेमकं तेच बाजारातून गायब. ज्याच्याकडे रोल शिल्लक तो राजा.

खरा बदल उधारीत झाला. आधी काम, मग बिल, पैसे सवडीने, अशी आमची रीत होती. कागदवाल्याने मला उधार देणं बंद केलं, म्हणून मी निम्मे पैसे आगाऊ मागू लागलो. जुनी गिऱ्हाइकं रुसतील वाटलं, पण फारसं कोणी रुसलं नाही, कारण त्यांच्या धंद्यातही तेच चाललेलं. ही पद्धत मी आजही सोडलेली नाही.

शिवणकामवाली

मास्कची कहाणी सगळ्यांना पाठ आहे, म्हणून फक्त इलॅस्टिकचं सांगते. कापड घरात होतं, इलॅस्टिक नव्हतं; जगभरच ओढ होती. जुने टी-शर्ट आडव्या पट्ट्यांत कापायचे आणि पट्टी ताणायची. ती आपोआप गुंडाळून दोरी होते, कडा दुमडायची गरज नाही. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कला तीन थर सुचवले: आतला ओल शोषणारा, बाहेरचा न शोषणारा, मधला गाळणारा. झालं, दोन थरांचे शिवून ठेवलेले कोणी हातात घेईना. सगळे उसवून मधला थर घातला. पुढे कारखान्यांचा माल आला आणि मजुरीत धागाही निघेना.

तोवर दुसरं काम चालून आलं. घरात बसून लोकांच्या कमरा वाढल्या. नवं कोणी शिवत नव्हतं, आहे ते मोठं करून मागायचे. शिवून घेतलेल्या पँटीत मागच्या शिलाईत कापड दाबलेलं असतं, तेवढं सोडता येतं. तयार पँटीत बहुतेकदा तेही नसतं, मग बाजूने जोडपट्टी. आल्टरचं काम पूर्वी मी नाक मुरडून घ्यायचे. आता त्याला आठवड्यातला ठरलेला वार आहे आणि पैसे रोख मिळतात.

स्वच्छतेच्या मालाचा घाऊक विक्रेता

लोकांना वाटतं, आमची त्या काळात चांदी झाली. ऐका मग.

माझा निम्मा माल कार्यालयांना जायचा: मोठे टॉयलेट पेपर रोल, भिंतीवरच्या डबीत भरायचा साबण, हात पुसायचे कागद. कार्यालयं बंद पडली आणि तो सगळा माल गोदामात पडून. आणि नेमक्या त्याच वस्तूंसाठी घरगुती बाजारात मारामारी! माणसं तेवढीच, वापरही साधारण तेवढाच, फक्त जागा बदलली. पण कार्यालयाचा अजस्र रोल घरच्या खुंटीवर बसत नाही, आणि कारखान्याला छोटे रोल काढायला वेगळी मशिनं, वेगळं वेष्टण लागतं. दूरदर्शनवर रिकामे रॅक दाखवून 'लोक वेडे झालेत' म्हणत होते. थोडे झाले असतील, पण अर्धा तुटवडा या अदलाबदलीचा होता.

सॅनिटायझरची गोष्ट याहून भारी. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र सगळ्यांना मिळालं: ८० टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरॉल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी पाणी. दारूच्या भट्ट्याही ते बनवू लागल्या. रसायन मिळालं तर बाटली नाही, बाटली मिळाली तर वरचा पंप नाही. तो दिसायला क्षुल्लक, पण आत बारीक स्प्रिंग, झडप, नळी, असे कितीतरी भाग. माझ्याकडे भरलेले कॅन होते आणि ते विकता येत नव्हते, कारण दाबून काढायला तोंडच नव्हतं.

आता हिशेबाचं. दहा खोकी मागितली की चार यायची. मग दहा हवी असतील तर सगळेच पंचवीस नोंदवायचे. किरकोळवाला माझ्याकडे वाढवून नोंदवतो, मी कारखान्याकडे, कारखाना कच्च्या मालवाल्याकडे. खरी मागणी किती हे कोणालाच दिसत नाही. आणि मग एक दिवस साठलेल्या ऑर्डरी सगळ्या एकदम येऊन धडकतात, तेव्हा बाजारात भाव पडलेला असतो. सॅनिटायझर ज्वालाग्राही, त्यामुळे वाट्टेल तिथे रचूनही ठेवता येत नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७ डॉलरपर्यंत गेला होता, साठवायला जागा नाही म्हणून. वर पैसे देतो पण माल घेऊन जा! तेव्हा हसलो होतो. पुढच्या वर्षी मी मुदत संपत आलेले कॅन शाळांना वाहतुकीच्या खर्चात दिले, तेव्हा त्या तेलवाल्यांचं गणित नीट कळलं.

आता माझा नियम साधा आहे: किरकोळवाल्याची ऑर्डर बघत नाही, त्याच्याकडून खरोखर विकलं गेलेलं किती ते विचारतो. सांगतात. आधी सांगायचे नाहीत.

हिशेबनीस

शेवटची ओळ सोन्याची आहे. बाकी छापखानेवाले दादा, तुमच्या 'खुराका'ला आम्ही स्थिर खर्च म्हणतो, पण तुमचा शब्द जास्त चांगला आहे.

केशकर्तन

आमच्याकडे अंतर ठेवून काम होतच नाही, त्यामुळे बंद म्हणजे बंद. पुन्हा उघडलं तेव्हा एक खुर्ची सोडून एक. म्हणजे भाडं पूर्ण जागेचं आणि कमाई निम्म्या जागेची. वेळ ठरवूनच या असं केलं, तर उलट बरं झालं, बाकावर बसून तास घालवणारी गर्दी गेली आणि दोन गिऱ्हाइकांमध्ये वस्तरा-कंगवे धुवायला वेळ मिळू लागला.

बंदच्या काळात जुन्या लोकांनी 'पुढच्या कटिंगचे पैसे आत्ताच घ्या' म्हणून आगाऊ कुपनं घेतली. त्यावर भाडं भरलं. उपकार विसरणार नाही. पण उघडल्यावर पहिले कित्येक आठवडे खुर्ची भरलेली आणि गल्ला रिकामा, कारण सगळे कुपनवाले!

हिशेबनीस

यासाठीच मी कुपनाचे पैसे 'उत्पन्न' खात्यात लिहू देत नाही. ते देणं असतं, काम करून फेडायचं. माझ्याकडच्या दोघांनी ते निराळ्या खात्यात ठेवले आणि आठवड्याला ठरावीकच कुपनं स्वीकारली. बाकीच्या खुर्च्या रोखवाल्यांना. कोणी भांडलं नाही.

नृत्यवर्ग

झूमच्या रोजच्या सहभागींचा आकडा डिसेंबर २०१९ मधल्या १ कोटीवरून एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. त्यातले पंधरावीस माझे! (तो आकडा माणसांचा नव्हता हेही नंतर स्पष्ट झालं, एकच जण चार बैठकांना बसला की चारदा मोजला जायचा.) आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे ताल सगळ्यांचा वेगवेगळा दिसतो. मी सगळ्यांचे माइक बंद ठेवायचे आणि प्रत्येकीने आपापल्या घरी तेच संगीत लावायचं. फुकट व्हिडिओ ढिगाने असताना लोक मला पैसे का देतात, हा प्रश्न होता. उत्तर हळूहळू मिळालं: 'डावा गुडघा आत जातोय' हे सांगणाऱ्याला देतात. मग मोठे वर्ग बंद केले, चौघींचे गट केले, फी वाढवली. काही सोडून गेल्या. बाकीच्यांत वर्ग भागला आणि हॉलचं भाडं वाचलं.

प्रवासाची तिकिटं काढून देणारा (आता नाही)

मी बंद केलं. माझ्या अनुभवात संधीबिंधी काही नाही.

२०२० मध्ये जगातला परदेशी पर्यटकांचा ओघ जवळपास तीन चतुर्थांश घटला. पण मला बुडवलं ते विक्री थांबल्याने नाही, परताव्यांनी. गिऱ्हाइकाचे पैसे मी पुढे विमानकंपनीला भरलेले. उड्डाण रद्द. कंपनी म्हणते, रोख नाही, पुढच्या प्रवासाचं पत्र घ्या. गिऱ्हाईक म्हणतं, मला पत्र नको, पैसे द्या, मी तुम्हाला ओळखतो, कंपनीला नाही. त्याचंही बरोबर. त्याची नोकरी गेलेली. ज्यांना अगदीच गरज होती त्यांना मी पदरचे दिले आणि पत्रं माझ्याकडे ठेवली. ती पत्रं मुदतीत वापरायला माणसं प्रवास करायला हवी होती. वर आमची दलाली तिकीट रद्द झालं की परत जाते, म्हणजे महिनोन्महिने केलेलं काम मागे जाऊन फुकट. आता नोकरी करतो. झोप लागते.

काउंटरवरचा माणूस

सगळे मालकच लिहितायत, म्हणून मी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगभरातले ८.८ टक्के कामाचे तास गेले, म्हणजे साडेपंचवीस कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. त्यात नोकरी गेलेले होते तसे आमच्यासारखे 'आठवड्याआड या' वालेही होते. मालक वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना ठेवलं, प्रत्येकाचे दिवस कापले. दोघांना काढून बाकीच्यांना पूर्ण पगार द्यायचा, हा पर्याय आम्हीच बसून नाकारला. उरलेल्या दिवसांत मी घरपोच माल पोहोचवायचो. तिथे गाडी माझी, पेट्रोल माझं, पंक्चर माझं. दुकानाचं 'घरपोच सेवा मोफत' असं लिहिलेलं वाचलं की अजून हसू येतं. मोफत कोणासाठी?

घरखर्च सांभाळणारी

गिऱ्हाईक म्हणून लिहिते. पगार कापला गेला तेव्हा आधी काय बंद केलं? दरमहा आपोआप कापले जाणारे छोटे छोटे पैसे. बँकेचं विवरण छापून घेतलं आणि एकेका ओळीवर पेन फिरवला. काही गोष्टींचे पैसे जातायत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

ब्रँडचं मोठं गमतीदार झालं. नेहमीचा साबण मिळेना म्हणून दुसरा आणला, कपडे धुवायची पावडर दुसरी आणली. नंतर जुना माल परत आला तरी घरात कोणी मागितला नाही. वर्षानुवर्षं जाहिरातींनी बांधून ठेवलेलं गिऱ्हाईक एका रिकाम्या रॅकने सुटतं, हे त्या कंपन्यांना केवढ्याला पडलं असेल!

एक मात्र कबूल करायला हवं. जवळच्या दुकानदाराला फोन करून यादी सांगायची सवय मी गरजेपुरती धरली आणि गर्दी ओसरल्यावर सोडलीही. तेव्हा त्याने आजारपणात दारात पिशव्या ठेवल्या होत्या. आता मी मोबाइलवर स्वस्त दिसेल तिथून मागवते. माझ्यासारखे किती असतील!

किरकोळ दुकानदार

पुष्कळ आहेत, ताई. राग नाही. पण फोनवरच्या यादीचा आम्हाला एक फायदा झाला तो राहिला: कुठल्या घरात काय किती दिवसांनी संपतं ते वहीत आलं. मी आता संपायच्या आधी फोन करतो. तुम्हाला पण करू का?

जुने संगणक दुरुस्त करणारा

थोडक्यात. घरून काम, घरून शाळा, म्हणून अडगळीतले लॅपटॉप बाहेर निघाले. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाकायची, रॅम वाढवायची, बॅटरी बदलायची. निम्म्याहून जास्त यंत्रं तेवढ्यावर जगतात. नव्यांची टंचाई चिप्समुळे लांबली. मोटार कंपन्यांनी २०२० च्या सुरुवातीला चिप्सच्या ऑर्डरी रद्द केल्या, ती जागा संगणकवाल्यांनी घेतली, आणि मोटारींची मागणी परत आली तेव्हा रांगेत त्या मागे. घाऊकवाल्या दादांच्या खोक्यांची गोष्ट, फक्त जगाच्या मापाची. गिऱ्हाईक टिकलंय, पण सुटे भाग आता मी दोन ठिकाणांहून घेतो, एक जण महाग असला तरी.

गाळामालक

शिव्या खायच्या तयारीने लिहितो. माझ्यावरही कर्ज होतं. पहिल्या काही महिन्यांचं भाडं 'पुढे द्या' म्हटलं. ते साचून एवढं झालं की भाडेकरू देणारच नाही हे दोघांनाही दिसत होतं. मग बसून करार बदलला: थोडं ठरलेलं भाडं आणि वर विक्रीचा हिस्सा. त्याची विक्री पूर्ववत झाल्यावर त्याला ते टोचू लागलं, कारण आता मला पूर्वीपेक्षा जास्त मिळतं. आता तो म्हणतो जुना करार आणा. हिशेबनीस साहेब, यात तुम्ही कोणाच्या बाजूने?

हिशेबनीस

वाईट काळातला तोटा तुम्ही किती सोसलात ते आधी मांडा. ती रक्कम हिश्शातून भरून निघेपर्यंत चालू करार, त्यानंतर हिश्शाला वरची मर्यादा. दोघांनी आपापल्या वह्या उघडून बसायची तयारी असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.

केशकर्तनवाले, उरलेल्या कुपनांचं काय केलंत ते सांगायचं राहिलं तुमचं.