ठळक टाइपावर बंदी? आधी किनारी आवरा!

पेठकर: कालच्या पोस्टीत एकानं ठोकून दिलं, "कोल्हापुरात बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत फ्लेक्सवर जाड, फुगीर अक्षरं. ठळक टाइप बंद करा." भावा, दोष टाइपाचा न्हाई, वापराचा. देवनागरीत वजन, म्हणजे रेषेची जाडी, वाढलं की अक्षराच्या आतल्या पोकळ्या बुजतात. ढ, छ, क्ष आधी जातात. म्हणून चांगल्या ठळक टाइपात शिरोरेषा कान्यापेक्षा, म्हणजे उभ्या रेषेपेक्षा, बारीक असते, सांध्यापाशी रेष निमुळती केलेली असते. तुम्ही रेग्युलरला 'बी' बटण मारून सगळीकडून सारखंच फुगवता. 'हार्दिक'मधला रफार वेलांटीत बुडणारच. 'मुक्ता' फॉन्टात सात वजनं आहेत, खरं एक्स्ट्राबोल्ड घ्या की!

ब्रशप्रेमी: आणि 'मोदक'सारख्या गुबगुबीत फॉन्टमध्ये दुकानाचा अख्खा पत्ता टाकणाऱ्यांचं काय? त्यात पोकळी म्हणजे नुसती चीर. दोन शब्दांचा मथळा, बास. पेंटर आधी पोकळी राखायचा, मग रेष भरायचा.

कर्व्हवाला: आला पेंटर! खरा घोळ किनारीचा, अक्षराभोवतीच्या आउटलाइनचा आहे. कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये ती कडेच्या मधोमध बसते. ८ मिमी दिली की ४ मिमी अक्षरच खाते. ती फिलच्या, आतल्या रंगाच्या, मागं टाका आणि रुंदी दुप्पट करा. त्याआधी टाइपाचे कर्व्ह (नुसते आकार) करून वेल्ड मारा, म्हणजे एकसंध जोडा, नाहीतर शिरोरेषेच्या प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटते.

पेठकर: पण पांढरी, लाल, सोनेरी आणि वर सावली? कशाला?

कर्व्हवाला: मागं पन्नास कार्यकर्त्यांचे फोटो असतात म्हणून! कोरी पार्श्वभूमी तुमचं गिऱ्हाईक घेईल, आमचं मंडळ घेत नाही.

ब्रशप्रेमी: मग एकच द्या. तीन किनारींत वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो. ओळींतलं अंतर वाढवायचं म्हटलं की म्हणे नावं मावत नाहीत. नावं कमी करा!

कर्व्हवाला: तुम्ही जाऊन सांगा अध्यक्षांना. आम्हाला बिल वसूल करायचंय.

लेटरकटिंग: भांडा निवांत. ॲक्रिलिकच्या अक्षरात बारीक टाइप चालतच नाही, एलईडी मॉड्यूल मावायला रेष रुंद लागते. शिरोरेषेमुळं शब्द एका तुकड्यात निघतो, अनुस्वार तेवढा सुटा, त्याला वेगळी वायर. शिवाय दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं पाटीवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. मालक आकार पाळतात, पण इंग्रजी जाड आणि मराठी काडीसारखं! तिथं ठळकच पाहिजे.

ब्रशप्रेमी: बरं, ॲक्रिलिकपुरतं मान्य, खूश? पण रात्री उजेड पसरून 'ढ'चा गोळा होतो. एक वजन खाली उतरा.

लेटरकटिंग: उतरतो. तुम्ही लांब नाव आडवं दाबायचं थांबवा. काने बारीक होतात, शिरोरेषा तेवढीच जाड राहते, अक्षर डोक्यावर ओझं घेतल्यासारखं दिसतं. 'अनेक' नावाच्या फॉन्टमध्ये रुंदी ७५ ते १२५ टक्के हवी तशी मिळते, फुकट.

कर्व्हवाला: फुकट आहे म्हणूनच कुणी वापरत न्हाई, राव.