स्वतः रचलेल्या भाषेत कर्त्याचा प्रत्यय एकाच काळात लावला तर चालेल?

खाडीकाठची (कोपरी, ठाणे पूर्व)
मी एक दीर्घकथा लिहितेय. त्यातली माणसं ठाण्याच्या खाडीत, तिवरांच्या आत राहतात. त्यांच्या भाषेचं नाव ठेवलंय खाजणी. ठाणे-वाशी लोकलने ऐरोली सोडलं की वही उघडते. शब्द बरेच झालेत, अडलंय ते व्याकरण.

खाजणीत भूत-वर्तमान नाही. काम उरकलं की क्रियापद 'ओहोटी'त (-इश), चालू असलं की 'भरती'त (-ओ). ओहोटीत कर्त्याला -रू लागतो, आपल्या 'ने'सारखा.

तोमारू सीपा नुविश : नावाड्याने खेकडा पकडला.
तोमा सीपा नुवो : नावाडी खेकडा पकडतोय.

शब्दक्रम मोकळा हवाय, कारण या लोकांची गाणी आहेत. मैत्रीण म्हणते, ही मराठीची नक्कल झाली, सगळीकडे एकच नियम ठेव. मला हा अर्ध्याच वाक्यांत येणारा प्रत्यय फार आवडतो. ठेवू ना? आणि अपवाद असावेत का?

घणसोलीकर
मैत्रिणीचं ऐका. मी एस्परांतो ही रचलेली भाषा शिकतोय. झामेनहोफ यांनी १८८७ साली ती १६ नियमांत मांडली, आणि त्यातला कर्माचा -न किती कामाचा आहे बघा. 'ला हुंदो मोर्दास ला कातोन' म्हणजे कुत्रा मांजराला चावतो. 'ला कातोन' पुढे आणा, तरी चावणारा कुत्राच.

मास्तर, कोपरखैरणे
घणसोलीकर, एस्परांतो परक्यांनी पटकन शिकावी म्हणून केलेली. ताईंची माणसं तीच भाषा बोलत जन्मली आहेत, त्यांना सोपेपणाची गरज नाही.

ताई, -रू बिनधास्त ठेवा. कर्त्याची अशी खूण फक्त झालेल्या कामात येणं हिंदीतही आहे, जॉर्जियनमध्येही आहे. आणि मराठीत तर 'रमेशने पोळी खाल्ली' पण 'मी पोळी खाल्ली'. मी-तूला 'ने' नाहीच. ऑस्ट्रेलियातल्या जिरबल भाषेतही नामांना कर्त्याची खूण लागते, मी-तूला नाही. तेव्हा नक्कल वगैरे मनात आणू नका.

खरी अडचण भरतीत आहे. 'सीपा तोमा नुवो' असं फिरवलंत तर कोण कोणाला पकडतंय? मराठीत क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाने चालतं म्हणून निभावतं, तुमचं क्रियापद तर बदलतच नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन भाषेसारखं कर्म आधी, कर्ता शेवटी असं पक्कं बांधलंत तर गाणी गेली. 'अवतार' चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी रचलेल्या नाव्हीत कर्ता आणि कर्म दोघांनाही वेगळी खूण आहे, म्हणून तिथे शब्द मोकळे फिरतात. तुम्ही दोन्ही एकदम देऊ नका. ओहोटीत कर्त्याला आहेच, भरतीत कर्माला द्या. तीही फक्त सजीवाला. आपण 'आई चावी शोधते' म्हणतो, पण 'आई मुलीला शोधते'. चावी काही आईला शोधणार नाही.

अपवाद हवेत, पण गटाने. 'ती धडा शिकली', 'ती नाव विसरली', 'ती खोटं बोलली' : कर्म आहे, तरी 'तिने' नाही. अशी मनाशी-जिभेशी जोडलेली चार-पाच क्रियापदं -रूशिवाय ठेवा.

पामबीच
मोठ्याने म्हणूनही बघा. 'तोमारू' गाण्यात छान लांबतं.

खाडीकाठची
मास्तर, काल तुर्भ्यापर्यंत हेच लिहीत होते. भरतीत सजीव कर्माला -म: 'सीपाम तोमा नुवो'. आता कसंही फिरवा, पकडणारा नावाडीच. जाळं, वल्हं, होडी यांना -म नाही. शिकणं, विसरणं आणि हाक मारणं -रूशिवाय.

खाडी मात्र मी सजीवांत घेतली. ती होडी ओढते, माणसं ओढते, आणि हे लोक तिच्याशी बोलतात. तिला -म लागणारच. आता एकच अडलंय: टोपलीतला मेलेला खेकडा कुठे घालू?