पीएस-५ घ्यायचाय: डिस्कवाला की डिजिटल? सल्ला हवा आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत आहे. त्याला गेल्या वर्षी दिलेला शब्द यंदा दिवाळीला पाळायचा आहे, म्हणजे पीएस-५ (सोनीचं प्लेस्टेशन-५, टीव्हीला जोडून गेम खेळायचं कन्सोल) घ्यायचं नक्की. अडलंय ते पुढेच: डिस्क घालता येते ते मॉडेल की फक्त डाउनलोड केलेले गेम चालवणारं डिजिटल. घरात खेळणारे दोघे, तो आणि त्याचे बाबा, आणि दोघांचं एकमत होत नाही. बाबांचं म्हणणं, डिस्कचा घेऊ, पैसे दिले तर वस्तू हातात तरी राहील. मुलगा म्हणतो, आता डिस्क कोण घेतं, सगळं डाउनलोडच होतं.

दुकानदार दोन्ही मॉडेलांत दहा हजारांचा फरक सांगतोय. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही. वर्षाला चार, फार तर पाच गेम घेऊ. राहतो सांगलीत, ब्रॉडबँड ४० एमबीपीएसचं आहे आणि पावसाळ्यात कधीकधी दोन-दोन दिवस बंद असतं. मुलाला खेळायला फक्त शनिवार-रविवार. एकदा संपवलेला गेम तो पुन्हा लावेल असं वाटत नाही. बाबा मात्र एकच फुटबॉलचा गेम वर्षभर खेळतील.

दहा हजार वाचवावेत का? वापरणाऱ्यांनी अनुभवाने सांगा, मला यातलं फार कळत नाही.

तापकीर गल्ली

ताई, तुमच्या शेवटून चौथ्या वाक्यात उत्तर आहे. संपवलेला गेम मुलगा पुन्हा लावणार नसेल तर डिस्कवालाच घ्या.

माझा हिशोब सांगतो. २०२१ पासून पीएस-५ वापरतोय. मोठा नवा गेम साधारण ४,९९९ ला येतो. महिनाभरात संपवून लगेच विकला तर माझे तीन हजार तरी परत येतात, म्हणजे तो गेम मला दोन हजारांत पडतो. असे चार गेम झाले की तुमचे दहा हजार वसूल. तेही सगळे नवे घेतले तर. मी निम्म्याहून जास्त वापरलेलेच घेतो आणि खेळून जवळजवळ त्याच भावाला विकतो. डिजिटल गेम संपला की तो तुमच्या खात्यात पडून राहतो, विकता येत नाही आणि शेजारच्याला आठवडाभर द्यावा म्हटलं तर तेही जमत नाही.

वापरलेली डिस्क घेताना मात्र घाई नको. मोबाइलचा टॉर्च लावून डिस्क तिरकी धरा. मधून कडेकडे सरळ गेलेला बारीक ओरखडा बहुतेक वेळा त्रास देत नाही. डिस्क फिरते त्याच दिशेने गोल गेलेला ओरखडा दिसला तर परत द्या. मधल्या भोकाभोवती केसासारखी चीर आहे का, तेही पाहा. ही चीर डबीतून डिस्क ओढून काढल्यामुळे पडते आणि पुढे वाढतच जाते. डबीत जादा सामानाच्या (गेममध्ये वेगळ्याने मिळणाऱ्या वाढीव गोष्टींच्या) कोडची चिठ्ठी असेल तर तो कोड वापरून झालेला आहे असंच धरून चाला, त्याचे पैसे देऊ नका. आणि डबी उघडून आत डिस्क कुठली आहे ते वाचा. एका दुकानातून मी पीएस-५ ची म्हणून घेतलेल्या डबीत पीएस-४ ची डिस्क निघाली होती, घरी आल्यावर कळलं.

मिरजेचा सतारिया

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. सांगली-मिरजेत डिस्कची अदलाबदल करणारी मुलं भरपूर आहेत, गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही.

दोन भाऊ

थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण आमच्या घरी डिजिटलच आहे आणि आम्ही समाधानी आहोत.

आम्ही दोघे भाऊ, मी पुण्यात आणि धाकटा नाशिकला, दोघांकडे पीएस-५. माझ्या खात्यात शेअरिंगसाठी त्याचं कन्सोल लावून ठेवलंय. मी घेतलेला गेम तो त्याच्या खात्यावरून नाशिकला खेळतो आणि त्याच वेळी मी इथे खेळतो. एका डिस्कने हे होत नाही. शिवाय छोट्या कंपन्यांचे कितीतरी सुंदर गेम डिस्कवर निघतच नाहीत.

आणि सेल. मे-जूनमध्ये एक मोठा असतो, नोव्हेंबरमध्ये एक. दोन वर्षं जुना गेम सत्तर टक्के सवलतीत मिळून जातो. ज्याला आल्या दिवशी खेळायचं नसतं त्याला डिजिटल महाग पडत नाही.

पण ताई, तुमच्याकडे एकच कन्सोल आणि मुलाला नवे गेम हवेत. तुमच्या जागी असतो तर मीही डिस्कवालाच घेतला असता. डिस्कवाल्यावर डिजिटल गेम चालतात, डिजिटलवाल्यावर वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडल्याशिवाय डिस्क चालत नाही.

कृष्णाकाठची

इतक्या लवकर इतकी माहिती, मनापासून आभार. एक शंका. मुलगा म्हणतो, डिस्क घेतली तरी डाउनलोड करावंच लागतं, मग उपयोग काय? हे खरं का?

सेव्ह फाइल

मुलाचं निम्मं बरोबर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

पीएस-५ वर डिस्क टाकली की गेम तिच्यावरून थेट चालत नाही, आधी कन्सोलमध्ये उतरतो. त्यानंतरही खेळताना डिस्क आत लागतेच, ती तुमच्या मालकीची खूण असते. फरक पडतो तो उतरण्याच्या वेळेत. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर उतरवायला साडेपाच तास लागतील, तेही नेट पूर्ण वेगाने आणि अखंड चाललं तर. डिस्कवरून तेच काम तासाभरात होतं. मुलाला शनिवार-रविवारच मिळतो म्हणताय, तर एक अख्खी सकाळ वाचली. वर सुधारणांचं डाउनलोड असतं, पण नेट बंद असेल तर ते टाळून डिस्कवर आहे तेवढा गेम खेळता येतो.

अट एकच, डिस्कवर गेम असायला हवा. २०२५ च्या मे महिन्यात ‘डूम: द डार्क एजेस’ आला तेव्हा त्याच्या पीएस-५ च्या डिस्कवर जेमतेम ८५ एमबी निघाले, बाकी सगळा गेम नेटवरून. निन्टेन्डो कंपनीने स्विच-२ या आपल्या कन्सोलबरोबर ‘गेम-की कार्ड’ आणलं, त्यात तर गेम नसतोच, फक्त डाउनलोडची परवानगी असते. ती विकता येते, एवढाच तिचा गुण. म्हणून गेम घेण्याआधी डबीच्या पुढच्या-मागच्या बाजूला ‘डाउनलोड आवश्यक’ अशा अर्थाची ओळ आहे का ते वाचा. ‘डझ इट प्ले’ नावाची मंडळी डिस्क नेटशिवाय चालवून पाहतात आणि निकाल मांडतात, तिथे नाव टाकून बघायची सवय मुलाला लावा.

आता मालकीबद्दल. डिजिटल गेम आपण विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात यावर कायदाच झाला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे ग्राहकाला हा परवाना आहे असं स्पष्ट न सांगता ‘खरेदी करा’ असं बटण दाखवता येत नाही. दुकानंही कायमची नसतात. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी-यू या कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. आधी घेतलेले गेम त्यांनी उतरवू दिले, पण फक्त डिजिटल निघालेले कितीतरी गेम आता नव्याने सरळ मार्गाने मिळतच नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. चांगला गेम लिहायला शेकडो माणसांची वर्षं जातात आणि तो असा नाहीसा होतो.

पण डिस्क म्हणजे अमरपट्टा असंही समजू नका. ‘द क्रू’ हा २०१४ चा गाड्यांचा गेम नेटवरून कायम कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्कवाले, डिजिटलवाले सगळेच एकदम बाहेर पडले. त्यातूनच, विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणणारी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. म्हणून मी डबीवर आधी एकच गोष्ट बघतो, एकट्याने, नेटशिवाय खेळता येतो का.

वाशिष्ठी

मी चिपळूणचा. माझा अनुभव दोन्हीकडचा आहे म्हणून लिहितोय.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी होतं. पीएस-४ आणि अकरा डिस्क पाण्यात. पाणी ओसरल्यावर डब्या उघडल्या तर आत कागद लगदा झालेला आणि डिस्कवर चिकट तांबडा गाळ. एकेक डिस्क बादलीत साध्या पाण्यात नुसती हलवली, चोळली नाही, कारण गाळात वाळू असते. मग आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने मधून कडेकडे टिपली. गोल गोल पुसायचं नाही. अकरापैकी नऊ चालल्या. कन्सोल गेलं ते गेलंच.

डिजिटल घेतलेले सहा गेम रत्नागिरीला मावसभावाच्या पीएस-४ वर खात्यात शिरल्याबरोबर जसेच्या तसे समोर आले. त्या दिवशी त्याचं फार बरं वाटलं होतं. पण सेव्ह (खेळ कुठवर आला त्याच्या नोंदी) गेले, कारण ते क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठ्यात, नव्हते. त्यासाठी प्लेस्टेशन प्लसचं, पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व लागतं आणि मी ते घेतलं नव्हतं. पीएस-४ वर सेव्ह पेनड्राइव्हवर तरी काढता येत होते, पीएस-५ वर त्याचे स्वतःचे सेव्ह तसे काढता येत नाहीत. हे मुलाच्या बाबांना आधीच सांगून ठेवा, वर्षभराची फुटबॉलची कारकीर्द आहे त्यांची.

सांगलीलाही पुराची सवय आहे. कन्सोल आणि डिस्क खालच्या कप्प्यात ठेवू नका, एवढं ऐका माझं.

ठाण्यात परतलेली

एक मुद्दा कोणी लिहिला नाही. खातं उघडताना देश भारतच निवडा आणि विचार करून निवडा, कारण प्लेस्टेशनच्या खात्याचा देश नंतर बदलता येत नाही.

आम्ही सात वर्षं न्यू जर्सीत होतो. मुलांचे सगळे डिजिटल गेम अमेरिकेच्या खात्यावर. ठाण्यात आल्यावर ते चालतात, पण त्या खात्यावर नवं काही घ्यायचं तर आमचं इथलं कार्ड चालेना. अमेरिकेतल्या दिराला गिफ्ट कार्डचा कोड पाठवायला सांगावं लागतं, आणि पैसे डॉलरच्या भावाने. तिकडून आणलेल्या डिस्क मात्र इथे बिनतक्रार चालतात. फक्त त्या डिस्कच्या गेमचं जादा सामान त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावं लागतं. म्हणून कोणी नातेवाईक परदेशातून डिस्क आणतो म्हणाला तर हे लक्षात असू द्या.

आणि मुलाचं खातं तुमच्या खात्याखाली, कुटुंबातलं मूल म्हणून उघडा. महिन्याला किती खर्च करता येईल ते तुम्हाला ठरवता येतं. आमच्याकडे तो आकडा शून्य आहे, काही हवं असलं की मुलं विचारतात.

सेव्ह फाइल

ठाण्याच्या ताईंनी फार कामाचं लिहिलंय. त्यात भर: डिजिटल घेताना बटण दाबण्याआधी दोनदा बघा. १४ दिवसांत पैसे परत मिळतात, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच.

दोन भाऊ

बाबांच्या फुटबॉलच्या गेमबद्दल राहिलं. तो डिजिटलच घ्या. दरवर्षी नवा येतो आणि नवा आला की जुन्याची डिस्क कोणी शंभर-दोनशेलाही विचारत नाही, म्हणजे विकायचा फायदा नाहीच. शिवाय रोज खेळायचा गेम डिजिटल असला की सारखी डिस्क काढघाल होत नाही. आल्या आल्या घेऊ नका, थोडं थांबलं की किंमत उतरते.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना हा धागा दोघांना वाचून दाखवला. डिस्कवाला घ्यायचं ठरलं. बाबांचा फुटबॉल डिजिटल, मुलाचे गोष्टीवाले गेम डिस्कवर. कन्सोल पोटमाळ्याच्या जिन्यालगतच्या उंच फळीवर ठेवणार, २०१९ चं पाणी आमच्याही घरात आलं होतं.

मुलगा आधी हिरमुसला. मग त्याच्या लक्षात आलं की वर्गातल्या तिघांकडे पीएस-५ आहे आणि तिघांकडे वेगवेगळ्या डिस्क आहेत. आज सकाळी बघते तर वहीच्या मागच्या पानावर तक्ता तयार: गेमचं नाव, कोणाचा, कोणाला दिला, परत कधी. अजून कन्सोल घरात यायचंय.

तापकीर गल्ली

झकास. त्याला म्हणावं, एक रकाना वाढव: देताना डिस्क कशी होती. आणि देण्याआधी मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेव, तोच टॉर्च लावून.